पोपटरावांचा सलाम

मी मोबाईल. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवतो, आज स्वतःचं बोलतो.

ठाण्यात एका दुकानात काचेमागे पडून होतो. योगिनीनं मला घेतलं आणि ठाकुर्लीला सासऱ्यांच्या हातात दिलं. सासरे म्हणजे पोपट हिवाळे. रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त. शाळा चौथीपर्यंत. एका बोटानं लिहितात, काना-मात्रा तपासतात, मगच पाठवतात.

हिवाळे ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. त्यांच्यात माणूस भेटला की 'सलाम' म्हणतात. पोपटराव सगळ्यांनाच म्हणतात. खालच्या मजल्यावरचा चंदू म्हात्रे वर्षानुवर्षं तो ऐकत आलाय. संध्याकाळी दोघांची बैठक गेटजवळच्या बाकावर.

मग महापालिकेची निवडणूक आली. चंदू एका पक्षाचा, पोपटराव दुसऱ्याचे. सोसायटीच्या ग्रुपवर नुसती जुंपलेली. मला उसंत नाही. खिशात थरथरायचं, उशाशी थरथरायचं, ताटाजवळ थरथरायचं. तोंडावर जे बोलायची हिंमत नसते, ते माणसं माझ्याकडून वदवून घेतात.

आज दुपारी पाण्याच्या टँकरवरून पेटलं. पोपटरावांनी आपलं म्हणणं लिहिलं आणि सवयीनं खाली लिहिलं, "सलाम, चंदू."

कुणीतरी हसरी तोंडं टाकली. "काकांनी चंदूशेठच्या अकलेला सलाम ठोकला!"

चंदू भडकला. त्यानं लिहिलं, "तुझा सलाम तुझ्या लोकांत ठेव. इथे राहायचं तर इथलं बोल."

पोपटरावांनी ते दोनदा वाचलं. मग लिहायला घेतलं.

चंदूचा मुलगा सूरज नाशिकला नोकरीला आहे, असं सगळे समजतात. खरं म्हणजे तो दारू सोडवायच्या केंद्रात आहे. चंदूनं हे बाकावर, डोळे पुसत, एकट्या पोपटरावांना सांगितलं होतं. तेच आता माझ्या काचेवर उमटलं. फक्त पाठवायचं बाकी. मी तापलो. पण मला नाही म्हणता येत नाही.

बोट अडलं. पोपटराव रोज पहाटे गुडघ्यावर बसून नावं घेऊन प्रार्थना करतात. त्यात सूरजचं नाव असतं. उशाजवळून मी ऐकतो.

"प्रभू," ते पुटपुटले, "सकाळी तुझ्यापुढे घेतलेलं नाव दुपारी चव्हाट्यावर कसं मांडू?"

एकेक अक्षर खोडलं. मला खिशात कोंबून जिना उतरले.

चंदूच्या बायकोनं, शेवंतीनं, दार उघडलं.

"भांडायला आलास काय रे?" चंदू आतून ओरडला.

"सलाम म्हणायला आलो. लिहिलेला तुला वाचता आला नाही, म्हणून तोंडानं."

चंदूची मान खाली गेली. "हात घसरला रे माझा."

"हात नाही. तू घसरलास."

"बरं बाबा, मी घसरलो. पण मत मी तिकडेच देणार!"

"दे की. तेवढं एकच तर पडणार आहे त्यांना."

तेवढ्यात मी वाजलो, चंदूचाही मोबाईल वाजला. "ह्या डबड्यांनी डोकं उठवलंय," म्हणत शेवंतीनं आम्हा दोघांना उचलून फ्रिजवर ठेवलं.

अजून तिथेच आहोत. थरथरतोय, सरकतोय, कडेला आलोय. ग्रुप पोपटरावांच्या उत्तराची वाट बघतोय. खाली दोघं टँकरवरून मोठमोठ्यानं भांडताहेत. मध्येच चंदूचा आवाज खाली आला. "सूरजला भेटायला जायचंय. एकट्याला धीर होत नाही. येशील?"

"कधी निघायचं?" पोपटराव म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, एवढं करा. आम्हाला इतक्यात खाली काढू नका.