पहिल्या रांगेतली मिस अर्लीन

फेब्रुवारी, म्हणजे अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा महिना, उजाडला की आमच्या विभागाला काळ्या लोकांच्या इतिहासाची आठवण येते. मार्चमध्ये विसर पडतो, पण तोवर भिंतीवर एखादी तसबीर तरी लागलेली असते. यंदा सत्काराचा मान मिस अर्लीन प्रुइट यांचा होता. अलाबामातल्या आमच्या हॉस्पिटलच्या या फुप्फुसांच्या विभागातल्या त्या पहिल्या काळ्या नर्स. आता ऐंशी उलटलेल्या, माझ्याच चर्चमधल्या, मला पाळण्यापासून ओळखणाऱ्या. भाषण अर्थातच माझ्या गळ्यात, कारण विभागात काळी डॉक्टर म्हणून दाखवायला मी एकटीच आहे.

विषय मात्र मी हट्टानं निवडला होता. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर फसतो. आत ऑक्सिजन घटलेला असतो आणि यंत्र सगळं आलबेल दाखवतं. यासाठी किती दिवस मी डीनच्या मागे लागले होते, आणि आज कुठे तो ऐकायला येणार होता.

मिस अर्लीन सकाळी जांभळी टोपी घालून आल्या, रविवारी चर्चला घालतात तीच. लिफ्टनं आल्या तरी धापा टाकत होत्या. कालपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. माझं अर्धं लक्ष डीनच्या खुर्चीकडे, अर्धं पाहुण्यांच्या अजून न आलेल्या जेवणाकडे. मी खिशातला ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बोटाला लावला. चौऱ्याण्णव.

"काही नाही झालेलं, मिस अर्लीन. दगदगीनं होतं असं. तुम्ही पुढे बसा बघू."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

भाषण रंगलं. पेशंट म्हणतोय दम लागतोय आणि यंत्र म्हणतंय ठीक आहे, तर विश्वास पेशंटवर ठेवा, हे वाक्य मी आरशासमोर घोटून आले होते. ते बोलताना नजर पहिल्या रांगेत गेली. मिस अर्लीन खुर्चीचे हात घट्ट धरून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होत्या. आणि खरं सांगू? तरीही मी पुढची स्लाइड लावली. डीन लिहून घेत होता ना. ती एक स्लाइड आता जन्मभर माझ्या मानगुटीवर बसणार आहे.

मग त्यांची टोपी खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. मी माइक टाकून धावले.

धमनीतलं रक्त तपासलं तेव्हा ऑक्सिजनचा खरा आकडा कळला. चौऱ्याण्णवच्या कितीतरी खाली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. विभागप्रमुख हॅनली माझी पाठ थोपटून म्हणाला, तू होतीस म्हणून वेळेत लक्षात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी आयसीयूत गेले. मिस अर्लीन मास्क लावून जाग्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, सकाळची घाई, तो आकडा, ती स्लाइडसुद्धा. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. निघायलाच हवी होती. पेशंटला दम लागतोय म्हटल्यावर जो डॉक्टर हलला नाही, त्याची या बाईंनी कधी गय केली नव्हती.

त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"दुसरा कुणी असता ना, तर मी त्याची गचांडी धरली असती," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "मला कळत होतं ना आतून. पण म्हटलं, आपली पोर आहे. तिनं बघितलंय."

मी त्यांचा मास्क परत नीट लावला. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मी बाहेर येऊन हॅनलीला फोन लावला आणि वेळेत लक्षात आलं नव्हतं, हे त्याला सांगितलं.