काचेपलीकडचे ओठ

कायदा सांगतो: कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि समितीत कामगारांचा आवाज हवा.

मॅनेजरने आवाज शोधला. सगळ्यात बारीक.

वहिनी. चार माणसांत तोंड न उघडणारी, वर्षानुवर्षं कंत्राटावर. शेजारच्या यंत्रमागावर तिची नणंद, म्हणून अख्ख्या शेडची ती वहिनीच. निवडणूक? मॅनेजरने बोट दाखवलं. झाली.

"आत जाऊन मिठाची गुळणी धरू नकोस," नणंद म्हणाली.

म्हणजे नुसते ओठ हलवले. मागांच्या खडखडाटात कान काय कामाचे? इथे सगळे ओठ वाचतात. चहाड्या, भांडणं, सासूची नक्कल, सगळं बिनआवाज चालतं. मॅनेजरला तेवढं वाचता येत नाही. त्याला काचेची केबिन आहे.

मागणी एकच. पाळी सुरू झाली की मागच्या दाराला कुलूप लागतं, ते काढा. मागे कापसाच्या धुळीने पेट घेतला, तेव्हा त्या कुलपाशी झटताना नणंदेचा हात भाजला होता.

केबिनमध्ये मॅनेजर मधाचं बोट पुढे करून बसला होता. वहिनीने खुर्ची फिरवली, तोंड काचेकडे केलं.

मॅनेजर: "उद्या तपासनीस येतील. काही तक्रार नाही, एवढंच म्हणा. पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम."

वहिनीचे ओठ: मी गप्प बसायचं. बसले तर कायम.

एक माग थांबला.

मॅनेजर: "दार उघडं ठेवलं तर या बायका अर्धं सूत घरी नेतील."

ओठ: आपण चोर.

नणंदेचा माग थांबला. मग पलीकडची अख्खी ओळ.

"काय पुटपुटताय?"

"तुमचंच बोलणं पोचवतेय."

समितीतलं बाहेर जाता कामा नये, मॅनेजर तडकला.

"आवाज म्हणून तुम्हीच निवडलंत ना, साहेब?"

मग कायम होणं विसरा, तो म्हणाला. कंत्राटही आजच संपलं समजा.

 वहिनीने तेही काचेला सांगितलं: मला काढलं.

उरलेले माग थांबले. शेडमध्ये इतकी शांतता कुणी ऐकलीच नव्हती. त्या शांततेत नणंदेचा खराखुरा, घोगरा आवाज आला.

"वहिनी, त्यांना म्हणावं बोला पुढे. आता आम्हाला कानांनी ऐकू येतंय."

मॅनेजरचा हात नकळत खिशाकडे गेला.

वहिनी उठली. तिने तळहात त्याच्यापुढे धरला आणि शेवटच्या मागापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"किल्ली."