कोतजुव्याचा धाकटा

कोतजुव्यावर एकोणीस माणसं राहतात आणि त्यांत केरू सगळ्यांत धाकटा. वय त्रेसष्ट.

जुवं म्हणजे खाडीतलं बेट. पूल नाही. पैलतीरी जायला एक होडी आहे, आणि गावाची जुनी रीत अशी, की होडी सगळ्यांत धाकट्या पुरुषानं वल्हवायची. त्याच्याहून धाकटा कुणी हाताशी आला, की वल्हं त्याला द्यायचं आणि आपण देवळाच्या पायरीवर थोरांत जाऊन बसायचं. रीत वाईट नव्हती. पूर्वी वल्हं एकाच्या हाती चार-सहा वर्षं राही. केरूच्या हातात ते अठ्ठावीस वर्षं अडकलं होतं, कारण त्याच्या मागून जन्मलेले सगळे मुंबईला गेले आणि तिथलेच झाले.

धाकटेपणाची बाकीची कामंही ओघानं त्याच्याकडे आली. नारळ पाडणं, गॅसची टाकी डोक्यावरून आणणं, भागूबाईच्या मोबाइलला रेंज शोधून देणं. तरुण मित्रमंडळाचा तो अध्यक्ष होता, आणि सभासदही तोच होता. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कार्यालयानं गावाला प्रमाणपत्र पाठवलं: लोकसंख्या नियंत्रणातल्या उल्लेखनीय कामगिरीबद्दल. एकवीस वर्षांत एकही जन्म नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्र देवळात टांगायला शिडीवर केरूच चढला.

आता मात्र त्याचा उजवा गुडघा शिडी बघूनच दुखायला लागे. लांज्याला काजूचा लहानसा कारखाना चालवणाऱ्या त्याच्या मुलीनं, नेत्रानं, ऑपरेशनची तारीख घेतली होती. महिन्याची बारा.

"ऑपरेशन करायचं आणि इथंच राहायचं, बाबा," ती फोनवर म्हणाली. "दोन तारखा तुम्ही घालवल्यात. ही घालवलीत तर मी परत विचारणार नाय."

केरूनं थोरांना विचारलं.

"जा की," गोदाकाकी सुपारी कातरत म्हणाली. "तुला कोण बांधून ठेवतंय? फक्त तुझ्याहून धाकटा कुणीतरी ठेवून जा."

आणि त्या महिन्याच्या दोन तारखेलाच जानू आला. मूळचा जुव्यावरचाच, मुंबईत सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, खोली मुलाला देऊन, टेबलफॅन आणि घडीची खुर्ची घेऊन कायमचा आलेला. त्याला बघायला सगळं गाव धक्क्यावर लोटलं. बारशालाही एवढी गर्दी झाली नसती.

"दात समदे हायत," भागूबाई खूश होऊन म्हणाली. शहाऐंशी वर्षांची भागूबाई एके काळी जुव्यावरची सुईण होती.

"जानू, आधारकार्ड दाखव," केरू म्हणाला.

कार्डावर वय निघालं एकोणसाठ. केरूनं वल्हं पुढं केलं.

"वेडा की काय तू?" जानू दोन पावलं मागं सरला. "मी तुझ्याहून वर्षानं मोठा! शाळेत घालताना बापानं पाच वर्षं कमी लावली, नोकरी लांब चालावी म्हणून. विचार भागूबाईला!"

"जानू आधीचा," भागूबाई म्हणाली. "दोगांच्या नाळा मीच कापल्यात."

केरूचा चेहरा उतरला. पण अठ्ठावीस वर्षं माणसं पार करणाऱ्याला बोलण्यातला ओढाही कळतो.

"बरं तर," तो म्हणाला. "तसं कागदावर लिवू. भागूबाईचा अंगठा घेऊ आणि जानूच्या कचेरीत पाठवू, की हा मानूस पाच वर्सं जास्तीचा खुर्चीत बसला."

जानूनं कार्ड घाईघाईनं खिशात घातलं. भागूबाईनं एकदा जानूच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं, एकदा केरूच्या गुडघ्याकडे.

"माजी नजर गेली, बाबानू," ती म्हणाली. "कुनाची नाळ कवा कापली, काय सांगू? कार्डावर सरकारचा शिक्का हाय."

धाकटा ठरला. पण केरूला पैलतीरी सोडून होडी परत आणायची, तर जानूला वल्हवता यायला हवं. शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी गरगर फिरली. दुसऱ्या दिवशी वल्हं हातातून सुटून पाण्यात गेलं. तिसऱ्या दिवशी जानूनं फेऱ्यांचं वेळापत्रक तयार केलं, त्यात रविवारी सुटी होती. रोज दोघं पार जात आणि रोज केरूच होडी परत आणी.

"घाई काय आहे?" जानू तळहाताला तेल चोळत म्हणे. "आमच्या खात्यात एक जण टायपिंग नऊ वर्षं शिकत होता."

कचेरीतली चाळीस वर्षं अगदीच वाया जात नाहीत, हे केरूला सहाव्या दिवशी कळलं. काम न शिकणं हेही शिकावंच लागतं.

सातव्या दिवसापासून त्यानं शिकवणी सोडली. भरती लागली, की पैलतीरीच्या धक्क्यावरून तो नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, पाण्यात टाकी आणि ते कुठं जातं ते घड्याळ लावून बघे. तीन दिवस त्यानं एवढंच केलं. तिन्ही सोडणं खाडीच्या वळणानं आत वाहिली आणि जुव्याच्या चिखलाला लागली. अठरा मिनिटं, सतरा मिनिटं, अठरा मिनिटं.

अकरा तारखेला भरती सकाळी सव्वानऊला लागणार होती. पिशवी घेऊन केरू होडीत बसला. जानू समोर, नेहमीसारखा पाहुणा. पैलतीरी पोचल्यावर केरू उतरला, पाणी आत वळेपर्यंत थांबला, आणि चांगल्या पायानं त्यानं होडीला ढकललं.

"अरे! अरे केरू! वल्हं कोण मारणार?"

"धाकटा."

"मी मोठा आहे तुझ्याहून! देवाशपथ!"

"लिवून दे!" केरू ओरडला.

होडी वळणाकडे निघाली. पलीकडे जुव्याच्या काठावर सगळं गाव जमलेलं दिसत होतं. भागूबाईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला, "पोरा, उतरताना जपून हां! आनि आल्यासरशी माज्या माडाचे नारळ बग!"

केरू घड्याळाकडे बघत उभा राहिला. बाराव्या मिनिटाला होडी थोडी डावीकडे, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या धारदार खडकाकडे सरकली. सोडणं तिकडे गेली नव्हती. पण सोडणात जानूएवढं वजन नव्हतं. केरू गुडघाभर पाण्यात उतरला.

तेवढ्यात जानूनं वल्हं उचललं. इकडं-तिकडं बघितलं, आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का म्हणून, आणि दोन हात मारले. होडी खडकापासून अलगद सुटली आणि नाक सरळ जुव्याच्या धक्क्याकडे वळलं. केरूलाही याहून नीट जमलं नसतं.

केरूनं त्याला एक सणसणीत शिवी घातली, ओली विजार पिळली आणि लांज्याची एसटी धरायला वर चढायला लागला.