चौथ्या मजल्यावरचा सदाहरित वृक्ष

मित्रांनो, या पुणे शहरात ज्याचं एकही पान आजवर पिवळं पडलं नाही, ज्याला कधी कीड लागली नाही, ज्याने भर उन्हाळ्यातही मान टाकली नाही, असा वृक्ष एकच आहे आणि तो मी आहे. मी एक जुना प्लॅस्टिकचा वृक्ष आहे.

हे मी हळू आवाजात सांगतो आहे. तुम्हीही मोठ्याने वाचू नका.

माझा जन्म एका साच्यात झाला. माझी एकशेचाळीस पानं एकाच दिवशी, एकाच मापाची निघाली. खोडावर गाठीसुद्धा रंगवल्या. इतर झाडांना गाठी आयुष्यात पडतात, मला दुकानात जायच्या आधीच पडल्या. २०१५ साली पुष्कर नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं आणि रिक्षात घालून हिंजवडीला, चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात नेलं. वाकडच्या पुलावर आम्ही दोन तास अडकलो. खरं झाड असतं तर तेवढ्यात बोटभर वाढलं असतं.

पुष्कर आणि उल्काताई यांनी ‘हरितमेळ’ नावाची वेबसाइट काढली होती. वधूवर सूचक मंडळ असतं ना, तसंच हे. एका बाजूला कारखाने, हॉटेलं, कंपन्या. कुणाला धूर कमी करायचा, कुणाला सांडपाणी पुन्हा वापरायचं, कुणाला कॅन्टीनचा ओला कचरा डोईजड झालेला. दुसऱ्या बाजूला सौर पॅनेलवाले, पाणी शुद्ध करणारे, खत करणारे. दोघांनी माहिती भरायची, अपेक्षा लिहायच्या, संगणकाने जुळवून द्यायचं. पत्रिका तेवढी बघत नसत. पण उल्काताईंचा एक नियम होता: जागेवर जाऊन बघितल्याशिवाय कुणालाही भरवशाची हिरवी खूण द्यायची नाही. “कागदावर सगळेच हिरवे असतात,” असं त्या म्हणत. हे वाक्य ऐकलं की माझं खोड थरथरे.

मला आणायचं कारण साधं होतं. शनिवार-रविवार ऑफिस बंद, पडदे बंद. खरी रोपं सोमवारी मेलेली सापडत. उद्या वेबसाइट सुरू व्हायची, फोटो हवा आणि उल्काताई दौऱ्यावर. पुष्करने मला मेलेल्या रोपाच्या रिकाम्या कुंडीत रोवलं, फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आमचं झाड आणि आम्ही, एकत्र वाढू.’

वाढणं मला जमण्यातलं नव्हतं.

दरवर्षी वर्धापनदिनाला नवा फोटो लागे. पुढच्या वर्षी पुष्करने तो खुर्चीत बसून काढला. त्याच्या पुढच्या वर्षी मांडी घालून. पाचव्या वर्षी तो जमिनीवर उताणा झोपला. फोटोत मी छताला टेकलो होतो, प्रत्यक्षात होतो तेवढाच, पाच फूट. लोक कौतुकाने लिहीत, “काय वाढलंय हो!” आणि मी रात्रंदिवस एकाच भीतीत असे, की कुणीतरी पट्टी घेऊन येईल.

वेणूबाईंनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्या ऑफिसची झाडलोट आणि चहा बघत. फडकं फिरवताना म्हणाल्या, “अगं बाई, हे तर खोटंय.” पण त्यांच्या कामाच्या यादीत ‘झाडाला पाणी’ लिहिलेलं होतं. यादीत असलं की त्या करत. रोज अर्धा पेला पाणी, वहीत सही.

उल्काताईंना कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. माझ्या शेजारी उभ्या राहून त्या पाहुण्यांना जंगलांविषयी तासभर सांगत. पण झाडांवर बोलणारा माणूस झाडाला हात लावतोच असं नाही. पाहुणे खोल श्वास घेऊन म्हणत, “इथली हवाच वेगळी आहे.” आणि मी आणखी घाबरे.

मग एके दिवशी दशरथ आला. मुळशीकडच्या एका गावात तो खत करायचा. एका कारखान्याच्या कॅन्टीनशी त्याचं जुळत आलं होतं, फक्त उल्काताईंच्या हिरव्या खुणेसाठी अडलं होतं. त्याच्या खांद्यावर पोतं होतं.

“ताई, खत हाय. इकायला न्हाय. तुमच्या झाडाला आनलंय.”

“आमचं झाड ठणठणीत आहे, दशरथभाऊ.”

“कसलं ठणठणीत! समदं फोटू बघितलं म्या. एक फुटवा न्हाय. पानं मोजली, दर साली एकशेचाळीसच. आजारी हाय त्ये.”

पुष्कर खुर्चीतून उडाला. “अहो, त्याला नको! त्याला ॲलर्जी आहे.”

“खताची?”

“मातीची.”

पुष्करचं डोकं घाबरलं की असंच चालतं. माझं तेवढंही चालेना. कारण दशरथ माझ्याजवळ आला आणि त्याने अंगठ्याचं नख माझ्या सालीला लावलं. मित्रांनो, झाड जिवंत आहे का हे असंच बघतात. साल खरवडायची, खाली हिरवं दिसलं की जिवंत. माझ्या खाली पांढरं होतं.

रंगाचा पोपडा त्याच्या नखात आला. त्याने तो हुंगला. माझ्याकडे पाहिलं, मग उल्काताईंकडे. त्याची खूण त्यांच्याच हातात होती. गप्प राहिला असता तर त्याचंही भलं होतं आणि माझंही. गप्प राहा, बाबा, असं मी एकशेचाळीस पानांनी विनवत होतो.

“ताई,” तो म्हणाला, “ह्याला खत लागत न्हाय. पानी बी लागत न्हाय.”

दारातून वेणूबाई म्हणाल्या, “मग मी सहा वर्षं सह्या कशाच्या केल्या?”

उल्काताई उठल्या. माझं एक पान त्यांनी दोन बोटांत धरलं. पहिल्यांदाच.

“पुष्कर.”

“अगं, त्या दिवशी फोटो हवा होता.”

“आणि नंतर दरवर्षी?”

“वाढ दाखवायची होती.”

त्याच दुपारी उल्काताईंनी ‘हरितमेळ’ची स्वतःची हिरवी खूण काढून टाकली आणि माझा सरळ उभं राहून काढलेला फोटो खऱ्या माहितीसह लावला. मग त्या दशरथबरोबर गावी गेल्या, त्याच्या खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि काळ्या नखांनीच त्याला खूण दिली.

राहिलो मी. माझी नोंद आमच्याच वेबसाइटवर झाली: ‘प्लॅस्टिकचा वृक्ष, एक. वजन चार किलो. योग्य विल्हेवाट हवी.’ तीन स्थळं लगेच आली. प्रत्येकाने आपल्या यंत्राचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात खुर्च्या, बादल्या दातेरी जबड्यात जात आणि दाणे होऊन बाहेर पडत. पुष्करने तिन्ही व्हिडिओ माझ्यासमोर लावले, आवाजासकट. मला डोळे नाहीत, त्यामुळे ते मिटताही आले नाहीत.

पण तिघांचीही अट एकच होती: एक टन प्लॅस्टिक जमल्याशिवाय गाडी पाठवणार नाही.

तेव्हापासून मी जिन्याखाली उभा आहे. गळ्यात पाटी आहे, ‘टन होईपर्यंत’. सगळी इमारत उत्साहाने माझ्याभोवती तुटकं प्लॅस्टिक आणून टाकते. दर शनिवारी वेणूबाई वजन करून भिंतीवर खडूने लिहितात आणि सवयीने मला अर्धा पेला पाणी घालतात. काल आकडा आठशे बारा किलो होता.

मित्रांनो, खरी झाडं लावा. त्यांना हात लावून बघा. वाढत नसतील तर माती बदला, फोटो नव्हे. प्लॅस्टिक कमी वापरा, आणि वापरलेलं इकडेतिकडे न टाकता गोळा करून द्या. ते योग्यच आहे, मी मनापासून सांगतो. फक्त या महिन्यात हिंजवडीकडे येणार असाल, तर तुमची ती फुटकी बादली तेवढी घरीच राहू द्या.