उभी ठेवलेली पाटी

मी पाटी बोलतेय. दारावरची नव्हे, दुकानावरचीही नव्हे. पृथ्वीचा ताप कसा उतरवायचा हे ठरवायला जगभरची माणसं ज्या सभागृहात जमतात, तिथल्या टेबलावरची. माझ्यावर एका चिमुकल्या बेटाचं नाव आहे.

माझा जन्म छापखान्यातला. सगळ्या देशांच्या पाट्या एकाच मापात कापल्या, तेव्हा वाटलं, चला, इथे तरी लहान-मोठं नाही! टेबलावर आल्यावर डोळे उघडले. शेजारच्या मोठ्या देशाच्या पाटीमागे माणसांची रांग; एक दमला की दुसरा बसतो. माझ्यामागे बेटाची प्रतिनिधी, एकटी ताई. तिचा सहकारी दुसऱ्या सभागृहात, कारण चर्चा दोन्हीकडे एकाच वेळी चालते.

इथली रीत सोपी आहे. गप्प बसायचं तर पाटी आडवी, बोलायचं तर उभी. मला आडवं पडणं मुळीच मानवत नाही, सारखी चुळबुळ चालते. आणि माणसांची तऱ्हा बघा, तापमानवाढीवर बोलायला थंडगार हॉलमध्ये कोट चढवून बसतात नि एकेका शब्दावरून कॉफी गार होईपर्यंत भांडतात.

शेवटच्या दिवशी ठरावाच्या मसुद्यातलं एकच वाक्य अडलं होतं. समुद्र आत शिरतोय त्या गावांना उंचावर हलवायला सगळ्या देशांनी मदत करावी, एवढंच ते वाक्य. ताईचं गाव त्यातलंच. काही देश म्हणत होते, हे गाळा. ताई सकाळी एकदा बोलली होती; पुन्हा बोलायचं म्हणून तिने मला उभी केली. इतक्यात फोनवर सहकाऱ्याचा निरोप आला, ‘घसा पार बसलाय. इथे आपला नंबर आलाय. धावत ये.’

"उभीच राहा गं बाई," असं मला पुटपुटून ताई पळाली. माणसं कमी असली की असंच करतात. पाटी नंबर धरते, माणूस तेवढ्यात दुसरीकडे जाऊन येतो.

शेजारच्या मोठ्या देशाच्या पाटीमागचे काका मनाने भले. कुणाला पाणी सरकव, कुणाची पेनं उचलून दे. बोलून झाल्यावर पाटी आडवी करायला लोक विसरतात आणि मग अध्यक्ष डाफरतात. "बाई विसरल्या वाटतं," म्हणत त्यांनी मला हलकेच आडवी केली. मी आतल्या आत किंचाळले. पण पाटीला कसला आलाय आवाज!

"वाक्य गाळायला कुणाची हरकत?" अध्यक्षांनी चष्म्यावरून टेबलभर नजर फिरवली. एकही पाटी उभी नव्हती. "नाही ना? मग वाक्य गाळलं." हातोडा पडला. टाळ्या झाल्या.

ताई धापा टाकत आली. "अहो, माझी पाटी उभी होती!"

"मला दिसली नाही. आता ठरलं ते ठरलं. पुढच्या वर्षी मांडा," अध्यक्ष म्हणाले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच आडवी केली हो. मला वाटलं, तुमचं झालं."

"मग सांगा ना त्यांना, काका!"

काका अर्धवट उठले. त्यांनी मागे बसलेल्या आपल्या देशाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. काका खाली बसले आणि कागद नीट करू लागले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

ताईने तिथेच बसून घरी फोन लावला. पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, "ट्रंका बांधून ठेवल्यात गं. कधी निघायचं?"

"अजून ठरत नाहीये, आई. पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

"बरं. पण तोवर पाणी थांबणार आहे का?"

ताई फोन तसाच कानाशी धरून बसली.

आता मी एका खोक्यात आहे, अंगावर बाकीच्या देशांच्या पाट्या. इथे झोप येत नाही. भरती आली असेल का, ट्रंका कोरड्या असतील का, एवढंच मनात घोळतं. तुमच्याकडे मागणं एकच. रिकाम्या खुर्चीसमोरची पाटी आडवी करण्याआधी जरा दाराकडे बघा. कुणीतरी धावत येत असेल.