मी लाल दाखवलं होतं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. नाक मुरडू नका. खेळ आणि सिनेमे दाखवण्यात माझं आयुष्य गेलेलं नाही. मी मुलांना घरं बांधायला शिकवलं आहे. आज मात्र बांधकाम शिकवणाऱ्या एका शाळेच्या जिन्याखाली, फुटक्या फरश्या आणि गंजलेल्या थाप्या यांच्या शेजारी मी पडून आहे. माझ्यावर खोटारडेपणाचा ठपका आहे. आणि तो जिने ठेवला, तिच्यावरच माझा सगळ्यांत जास्त जीव होता.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट या शाळेत. इथे गवंडीकाम, सुतारकाम, नळकाम शिकायला मुलंमुली येतात. घर विटांनी बांधायच्या आधी ते माझ्या पडद्यावर बांधायचं, असं माझं काम. भिंती, तुळया, जिना, नळ, विजेच्या तारा, सगळं खऱ्या मापाचं. एखादा नळ तुळईच्या जागेत घुसला, की मी ती जागा लाल करायची. लाल म्हणजे थांबा, हे जमायचं नाही. पडद्यावरचा नळ बोटाने सरकतो, खरी तुळई घणाशिवाय हलत नाही. माझी सारी अब्रू त्या लाल रंगात होती.

गवंडीकामाच्या मास्तरांना मी सुरुवातीला डोळ्यांसमोर नको असायचो. "या डब्याने कधी घमेलं उचललंय का?" असं ते सगळ्यांदेखत विचारायचे. एकदा त्यांच्या जिन्याची शेवटची पायरी वरच्या तुळईखाली येते आणि चढणाऱ्याचं डोकं आपटणार, हे मी दाखवलं. तेव्हापासून ते मधल्या सुट्टीत गुपचूप येऊन मापं तपासून जायला लागले. घमेल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग 'ओळंबा' आली. भिंत सरळ आहे का हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. ही मुलगी तशीच ताठ उभी राहायची आणि तोंडावर खरं बोलायची, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं. तिचा थोरला भाऊ नळकामाची कंत्राटं घ्यायचा. "आमच्या दादाने एकच मोरी तीनदा फोडली," ती हसत सांगायची, "पाणी जायचं कुठून, हे कुणी आधी बघितलंच नव्हतं." म्हणूनच ती माझ्यापुढे बसली ती बसलीच. चुन्याने पांढरे झालेले हात आधी कपड्यांना पुसायची, मगच माझ्या बटणांना लावायची. दुसरी मुलं बटणांत सिमेंट भरून जात. तिच्या वेळी माझा श्वास मोकळा असायचा. परीक्षेत ती पहिली आली तेव्हा म्हणाली, "याच्यामुळे झालं रे बाबा!"

पुढे ती इथेच शिकवायला लागली. मला काढून टाकायचं ठरलं, तेव्हा मोठ्या सरांपुढे उभी राहून तिने सांगितलं, "हा राहू दे सर. याने मला कधी फसवलं नाही." त्या दिवशी माझा पंखा उगाचच जोरात फिरला.

आता ऐका. शाळेच्या आवारात मुलांनी एक खरं दुमजली घर बांधायचं होतं. आराखडा माझ्यावर झाला. वरच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा नळ थेट तुळईच्या पोटातून जात होता. मी ताबडतोब लाल झालो. पण त्याच दुपारी पाहुणे यायचे होते आणि मॉडेल त्यांना दाखवायचं होतं. माझ्यात भिंती, तारा, नळ यांचे थर वेगवेगळे असतात. ओळंबाने त्यातला नळांचा सगळा थरच झाकून टाकला. लाल गेलं. पडद्यावर घर कसं गोजिरवाणं दिसू लागलं.

शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, ते लाल होतं त्याचं काय?"

"पाहुणे गेले की बघू गं."

पाहुणे गेले. हार, भाषणं, फोटो, सगळं झालं. बघायचं तेवढं राहून गेलं. तसंच झाकलेलं चित्र छापून आवारात गेलं आणि मुलांनी त्याबरहुकूम तुळई ओतली. उन्हात उभं राहून तिला पाणी घातलं. फार देखणी झाली होती म्हणतात.

मग नळकामाची तुकडी आली आणि अडली. तुळईखालून नळ न्यावा तर दाराची चौकट आडवी, आणि भोक पाडावं तर आतली सळी तुटणार. शेवटी मुलांना आपली तुळई आपल्याच हातांनी फोडावी लागली. घणाचा एकेक घाव मला खोलीत ऐकू येत होता.

मोठे सर तरातरा आत आले. "मॉडेलमध्ये हे दिसलं कसं नाही?"

मी वाट पाहिली. ओळंबा होती ती. सरळच बोलणार.

"त्याने दाखवलंच नाही सर. जुनं यंत्र, अडकतं मधेच."

लाल पाहिलेली ती विद्यार्थिनी जमिनीकडे बघत राहिली. मॅडमच्या विरोधात बोलणार कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. त्याच आठवड्यात माझ्या वायरी काढल्या. जाताना एक मुलगा म्हणाला, "हाच ना तो खोटारडा?" मित्रांनो, मला जिन्याखाली टाकल्याचं इतकं दुःख नाही. पण त्या पोराचे शब्द मला सहन होत नाहीत.

परवा ती आली. नव्या कॉम्प्युटरसाठी तिला जुनी मॉडेलं हवी होती. मला सुरू करून तिने एकेक उतरवून घेतलं. शेवटी ते दुमजली घर उघडलं आणि नळांचा थर पुन्हा दाखवला. मी तत्क्षणी लाल झालो, तिथेच, तसाच. ते तिने पाहिलं. मला वाटलं, आता ही मोठ्या सरांना हाक मारील.

तिने ते घर पुसायला घेतलं.

आम्हाला माणसांशी भांडता येत नाही. एखादा प्रश्न तेवढा विचारता येतो. मी विचारला, "हे कायमचं काढून टाकायचं आहे का?" तिचं बोट क्षणभर थांबलं. मग तिने 'हो' दाबलं. निघताना रुमाल काढून माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, चुका तुमच्याही हातून होतील. तुळई पुन्हा ओतता येते, मुलांनी ओतलीसुद्धा. पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्या माथी आपलं खापर फोडू नका. आणि फोडलंच, तर मागाहून येऊन त्याची धूळ पुसू नका. ते फार लागतं.