लोखंडाच्या गाईला रक्ताचा पान्हा

या मंडळी, अंमळ पुढं सरका. मागं बसलेल्या मायबहिणींनो, तुम्हीही या. ही कथा खरं तर तुमच्यासाठीच आहे. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. सोलापुरात मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, त्या काळात एका मोटारीला म्हणे बाधा झाली. ती कशी उतरली आणि कुणाच्या डोक्यावर बसली, ते सांगतो.

वेणीमाधव वकिलांच्या दारात त्या सकाळी मुंगीला शिरायला वाव नव्हता. गिरणीची पाळी सुटलेले लोक, भाजीवाल्या, शाळा बुडवलेली पोरं, सगळ्यांचे डोळे मोटारीवर. मोटार विलायती, एका संस्थानिकाकडून घेतलेली. कातड्याच्या गाद्या, चांदीसारखे दिवे. पण इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या पुढच्या जाळीत खेळतं, त्या जाळीतून तांबडंलाल पाणी ठिबकत होतं. मुंबईच्या कारखानदारानं कळवलं होतं, की नवी जाळी विलायतेहूनच मागवावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून वकिलांची झोप उडाली होती. म्हणून तर कोर्टात शब्दाशब्दाचा कीस पाडणारा हा माणूस आज तीर्थगीर बुवांपुढं हात जोडून उभा होता.

"वकीलसाहेब, मोटार म्हणजे काय? लोखंडाची गाय!" बुवा गरजले. "गाईला पान्हा दुधाचा, हिला फुटलाय रक्ताचा! घाबरू नका. गंगा, यमुना, भीमा, सीना, साऱ्या या कमंडलूत कोंडल्यात!"

"तरीच सीना आटलीय व्हय!" गर्दीतून कुणीतरी बोललं. हशा पिकला. बुवांनी डोळे असे वटारले, की हसणाऱ्यांनीच कान पकडले.

बुवांनी कोमट तीर्थ जाळीत ओतलं, चार थेंब वकिलांच्या उपरण्यावर शिंपडले आणि चालक मल्लप्पाला इंजिन सुरू करायला लावलं. मोटार घुरघुरली, तापली. ठिबक मंदावली आणि थांबली! बायकांनी चाकांना हळदकुंकू लावलं. दाराआडून बघणाऱ्या अनसूयाबाईंनीही, वकिलांच्या पत्नीनं, हात जोडले.

"पण ही बाधा कुणाची, बुवा?" वकिलांनी विचारलं.

"हिच्या तोंडात रोज पाणी कोण ओततं?"

सगळ्यांच्या माना सोजरबाईकडं वळल्या. सोजरबाई करकंबची. नवरा गेल्यावर वकिलांकडं कामाला राहिली. अनसूयाबाईंची बाळंतपणं तिनंच काढली. विहिरीचं पाणी शेंदून जाळी भरायचं कामही तिचंच.

"हिच्या हातचं पाणी रक्त होतं," बुवा म्हणाले. "अमावस्येच्या आत घराबाहेर काढा. नाहीतर आज मोटार, उद्या लेकरू!"

लेकरू हा शब्द अनसूयाबाईंच्या काळजात काट्यासारखा रुतला. त्या दिवशी त्यांनी तान्ह्याला सोजरबाईच्या मांडीवर दिलं नाही. सोजरबाईनंही मागितलं नाही.

पण काटा तिथंच थांबतो होय? विहिरीवर बायका सोजरबाईला बघून घागरी उचलू लागल्या. एकीनं तर दगड भिरकावला. कपाळ फुटून सोजरबाई परसात येऊन बसली. अनसूयाबाई ओला फडका घेऊन धावल्या, तर तिनं अंग चोरलं.

"वैनीबाई, शिवू नगा. खरंच आसंल तर? कालपास्नं मीच माज्या हातचं पाणी प्याले न्हाय."

अनसूयाबाईंचा हात हवेतच राहिला. आपण हिला काय करून ठेवलं!

त्या सुन्न मनानंच त्यांनी वकिलांचं दोरीवरचं उपरणं काढलं; तीर्थ पडलं म्हणून ते न धुता तसंच वाळवलं होतं. घडी घालायला गेल्या, तर ते कडकड वाजलं. सगळं नव्हे, तीर्थाचे थेंब पडले होते तेवढंच. ओलं बोट चोळलं, तर बुळबुळीत. ज्या बाईनं जन्मभर धोतरांना खळ दिली, तिच्या बोटांना का हे सांगावं लागतं? बुवांनी देव्हाऱ्यासाठी दिलेली तीर्थाची लोटी त्यांनी उचलली.

अमावस्या उजाडली. सोजरबाईचं गाठोडं उंबऱ्यापाशी, बुवा सत्कारासाठी पाटावर, दाराशी पुन्हा तीच गर्दी. अनसूयाबाई पेटती शेगडी आणि तीर्थाची लोटी घेऊन सरळ अंगणात आल्या.

"अगं, आत जा. लोक बघताहेत," वकील पुटपुटले.

"बघू देत की. रोज उलटतपासणी तुम्ही घेता, आज एक मला घेऊ द्या. बुवा, हे तुमचंच तीर्थ ना?"

"साक्षात गंगामाई, माई!"

त्यांनी ते पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं. "गंगामाई उकळली तर वाफ होईल. ही बघा, हिची लापशी होतेय!"

एक घोंगडीवाली म्हातारी पुढं झाली. बोटावर घेऊन म्हणाली, "आगं बया, ही तर चिंचोक्याची खळ! आमी घोंगडीला लावतो की!"

"तेच," अनसूयाबाई म्हणाल्या. "इंजिन तापलं, खळ शिजली, भोकं बुजली. झाला चमत्कार!"

"आणि रक्त?" बुवा ओरडले. "ते काय चिंचेचं सार होतं?"

"लोखंडी तवा ओला राहिला तर तांबडं पाणी सुटतं. तेव्हा कुणी तव्याला बाधा झाली म्हणतं का? आतलं लोखंड गंजलंय, बुवा. सोजरबाईच्या हातांना गंज नाही."

मल्लप्पानं जाळीखालची तोटी उघडली. पाणी आलंच नाही. तार खुपसली, तेव्हा पचकन लगदा पडला. "वैनीबाई, खळीनं पाण्याची वाटच बंद केलीय. आणखी चार मैल पळवली असती, तर इंजिन गेलं असतं."

"खळ जाळीत बी आन् खळ पाटावर बी!" म्हातारी म्हणाली. हशा ओसरेपर्यंत बुवा चारी नद्यांसकट नाहीसे झाले होते.

मोटार दुरुस्तीला मुंबईला गेलीच, आणि खर्च पहिल्याहून जड बसला. ते असो. त्या सकाळी अनसूयाबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "सोजरबाई, तुझ्या हातचं पाणी दे."

सोजरबाईनं तांब्या भरला. अनसूयाबाई घटाघटा प्यायल्या, मग तान्हं तिच्या मांडीवर ठेवलं. विहिरीवरच्या बायकांपैकी एकही पुढं आली नाही. सोजरबाईनं लेकराची बोटं कुरवाळली, परत दिलं आणि गाठोडं उचललं.

"वैनीबाई, तुमचं पटतंय मला. पर ह्या गावातलं पाणी आता घशाखाली उतरायचं न्हाय."

ती करकंबला भावाकडं गेली.

मंडळी, देवाचं नाव घ्या, पोटभर घ्या. मीही घेतो. पण देवानं डोळे दिलेत, नाक दिलंय, विचार करायला डोकं दिलंय; ते बुवाच्या पाटाशी गहाण टाकणं ही भक्ती नव्हे. यंत्र बिघडलं तर यंत्रात बघा, ताप आला तर डॉक्टरकडं जा, माणसात खोट शोधू नका. उद्या कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवून म्हणालं, 'हिच्यामुळं झालं', तर दगड उचलण्याआधी एवढं करा: करकंबच्या सोजरबाईची आठवण काढा.